लिनक्स पहिल्यांदाच घेताय? डिस्ट्रो निवडण्याआधी बघायच्या गोष्टी (मंचावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादाआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

अनवट

"नवख्याने कोणतं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचं कोणतं तयार रूप, घ्यावं?" असं कुणी विचारलं की त्याच्या पुढ्यात दहा नावं येऊन पडतात आणि तो होता तिथेच राहतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेली बरीच यंत्रं आता लिनक्सकडे वळताहेत आणि हा प्रश्न वारंवार येतोय. म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त चुका स्क्रीनशॉट बघून निवड केल्याने होतात. स्क्रीनशॉटमध्ये दिसतो तो डेस्कटॉप: सिनॅमन, ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई. तो नंतरही बदलता येतो. सहज बदलता येत नाही ते खालचं: कर्नल (व्यवस्थेचा गाभा) किती नवा आहे, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार आणि मोठी आवृत्ती किती वेळा बदलावी लागणार. बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असतात. वायफायची चिप २०२४ ची आणि कर्नल २०२२ चा असेल, तर त्या कर्नलला ती चिप ओळखताच येत नाही. मग माणूस म्हणतो, "लिनक्सवर वायफाय चालत नाही."

म्हणून नाव सुचवण्याआधी तीन गोष्टी विचारा. यंत्र कोणत्या सालचं आहे? ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आहे का? आणि असं कोणतं सॉफ्टवेअर आहे, ज्यावाचून काम अडेल?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. यंत्र दोन वर्षांहून जुनं असेल तर लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. अगदी ताजं असेल तर फेडोरा किंवा उबुंटू. काली नको, ते सुरक्षा-चाचणीसाठी आहे आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये असं त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलंय. आर्च उत्तम आहे, पण सहा महिन्यांनी.

तळटीप

दिशा पटली, पण मिंट आणि उबुंटू यांतला फरक नीट मांडायला हवा. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वरच उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. म्हणजे पाया एकच.

फरक तीन ठिकाणी जाणवतो. पहिला स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज-पद्धतीचा. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, तर मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलंय आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात दिलाय. जुन्या हार्ड डिस्कवर स्नॅपमधला ब्राउझर पहिल्यांदा उघडायला स्पष्टपणे वेळ घेतो. दुसरा फरक पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या व्यवस्थेचा: वेलँड नवी, एक्स ११ जुनी. उबुंटू २४.०४ वेलँडवर चालतं, मिंटचं सिनॅमन अजून मूळ रूपात एक्स ११ वर. लॅपटॉपला दाट पिक्सेलचा पडदा आणि शेजारी साधा मॉनिटर अशी जोडणी असेल, तर दोन्हीकडे अक्षरं योग्य आकारात दिसण्याचं काम वेलँड जास्त नीट करतं. अशा जोडणीला मी मिंट सुचवणार नाही. तिसरा फरक सवयीचा. विंडोजवरून येणाऱ्याला खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेनू आणि घड्याळ जिथल्या तिथे लागतात. मिंटमध्ये ते तसेच असतात.

आणखी एक. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस (दीर्घकाळ आधाराची) आवृत्तीच घ्या. तिला ५ वर्षं आधार असतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने मिळतात. डाउनलोडच्या पानावर दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि आकडा मोठा म्हणून लोक मधलीच उचलतात. कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू या भावंडांच्या एलटीएसला ३ वर्षं असतात, हेही लक्षात असू द्या.

रात्रपाळी

फेडोराबद्दल भर घालतो, कारण त्याला उगाच "अवघड" ठरवलं जातं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, प्रत्येकीला साधारण १३ महिने अपडेट मिळतात आणि चालू आवृत्तीतही कर्नल नवा होत राहतो. ताज्या लॅपटॉपवर वायफाय, टचपॅड, झोप-जाग हे सगळं चालण्याची शक्यता म्हणूनच इथे जास्त. किंमत अशी की वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागतं, आणि काही व्हिडिओ कोडेक व एनव्हिडियाचा ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून घ्यावा लागतो. ज्याला वर्षानुवर्षं काही हलवायचंच नाही, त्याने फेडोरा घेऊ नये.

नवी पाटी

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर सगळ्यात हलकं कोणतं? आणि आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली तरी यंत्र त्यावरून सुरूच होत नाही, ते का?

गाठोडं

आधी दुसऱ्याचं उत्तर. आयएसओ ही एका अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते. ती फाइल म्हणून ठेवली तर यंत्राच्या फर्मवेअरला (सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) बूट करण्याजोगं काही सापडत नाही. ती पेनड्राइव्हवर "लिहावी" लागते. विंडोजवर रूफस वापरा किंवा बलेना एचर. मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह आरामात पुरतो. उबुंटू २४.०४ ची फाइल ६ जीबीच्या आसपास जाते, तिथे १६ चा घेतला तर बरं. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा, कारण गेल्या दहा वर्षांतली जवळपास सगळी यंत्रं यूईएफआयची, म्हणजे नव्या प्रकारच्या फर्मवेअरची, आहेत. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. व्हेंटॉय हे तिसरं साधन: एकदा पेनड्राइव्ह तयार केला की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करत जायच्या आणि सुरू होताना यादीतून निवडायची. तीन डिस्ट्रो तपासून बघायची असतील तर हेच घ्या.

लिहिण्याआधी फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा) डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड तो काढून देते. अर्धवट उतरलेली फाइल बरेचदा सुरू होते आणि मग इन्स्टॉल होता होता मध्येच काहीतरी अगम्य चूक दाखवून थांबते. त्या चुकीच्या मागे लागून तास जातात, आणि दोष फक्त डाउनलोडचा असतो.

आता ४ जीबीचं. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. २ जीबी ही मिंटची किमान मर्यादा आणि ४ ही शिफारस. पण खरं सांगायचं तर डिस्ट्रो हलकं केल्याने तुमची अडचण थोडीच सुटेल. एक्सएफसीई आणि सिनॅमनमधला फरक काही शे एमबीचा, आणि ब्राउझरचे आठ-दहा टॅब त्याच्या कितीतरी पट खातात. फिरत्या डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी घाला. २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ झाली. त्याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही डिस्ट्रोने पडणार नाही. रॅमचा दुसरा खाचा रिकामा असेल तर तोही भरा.

प्रोसेसर ३२-बिट असेल तर मात्र वाट अरुंद आहे. उबुंटू आणि मिंट यांनी ते केव्हाच सोडलं, डेबियन १३ मध्येही ३२-बिट इन्स्टॉलर नाही. अँटीएक्ससारखं मोजकंच काही उरतं.

तळटीप

विंडोजच्या शेजारी बसवणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो. डिस्ट्रो कोणतंही असो, अपघात इथेच होतात.

सुरुवात बिटलॉकरपासून, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीपासून. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन कुणाला न विचारता चालू असतं. बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बदललं किंवा बूटचा क्रम हलवला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर डेटा गेला. म्हणून कशालाही हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती की काढून कागदावर लिहून ठेवा.

मग फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करतं ते ठरवण्याची ओळ. हे चालू असताना "शट डाउन" म्हणजे खरं बंद होणं नसतंच. विंडोज स्वतःला अर्धवट झोपवतं आणि त्याची डिस्क लिनक्सला "वापरात आहे" अशी दिसते. परिणाम: लिनक्समधून त्या पार्टिशनवरच्या (डिस्कच्या त्या भागावरच्या) फाइल वाचता येतात, पण काही लिहिता येत नाही.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नव्हे. विंडोजला स्वतःच्या न हलणाऱ्या फाइल कुठे आहेत ते माहीत असतं. ५० जीबीने सुरुवात होते, १०० असतील तर मोकळेपणाने वापरता येतं. मोकळी केलेली जागा रिकामीच ठेवा, तिथे नवं ड्राइव्ह बनवू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये साठवणुकीचा मोड आरएसटी किंवा रेड आहे का ते बघा. तो एएचसीआय लागतो. पण थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरू व्हायचं नाकारतं, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर त्याने जागाच केलेला नसतो. क्रम असा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटवर खूण करा, रिस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये ते नवा ड्रायव्हर उचलतं आणि पुढे सुरळीत चालतं.

पार्टिशन हाताने निवडत असाल तर विंडोजचं ईएफआय पार्टिशन (सहसा १०० ते ५०० एमबी, फॅट ३२) तेच वापरा, पण "फॉरमॅट" वर खूण अजिबात नको. त्या खुणेने विंडोजचा बूटलोडर, म्हणजे त्याला सुरू करून देणारा प्रोग्राम, पुसला जातो. लिनक्ससाठी एक एक्सटी ४ (लिनक्सची फाइल-व्यवस्था) पार्टिशन, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ. स्वॅपचं (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन नको, स्वॅप फाइल आपोआप बनते.

बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बसवणाऱ्यांनी जास्त सावध राहा. मिंटच्या इन्स्टॉलरला बूटलोडरसाठी बाहेरची डिस्क निवडून दिली तरी तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच लिहितो, ही जुनी खोड आहे. मग बाहेरची डिस्क काढली की यंत्र सुरू होताना ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) काळा प्रॉम्प्ट येतो. शक्य असेल तर त्या वेळेपुरती आतली डिस्क बायोसमधून बंद करा.

आणि हो, दोन्हीकडचं घड्याळ पुढेमागे होईल. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). बिघाड काही नाही. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितलं की फरक जातो.

रात्रपाळी

एनव्हिडियाचं वेगळं लिहितो. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करताना नुसता काळा पडदा आला तर पहिल्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. उबुंटूत त्यालाच सेफ ग्राफिक्स म्हणतात. कार्डासाठीचा मुक्त ड्रायव्हर काही मॉडेलवर अडकतो, या मोडमध्ये तो बाजूला ठेवला जातो. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि "शिफारस" लिहिलेला ड्रायव्हर घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती मोडते.

सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतं. पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो आणि १० सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबा, "एनरोल एमओके" निवडा, तोच पासवर्ड द्या. कळ दाबली नाही तर पडदा निघून जातो, यंत्र नेहमीसारखं सुरू होतं आणि ड्रायव्हर मात्र लागू होत नाही. चूक कुठेच दिसत नाही, फक्त सगळं संथ चालतं. अशा वेळी मोकयुटिल या कमांडने की नोंदवण्याची विनंती पुन्हा करावी लागते.

अनवट

वरचं सगळं वाचून कुणी घाबरू नका. लाइव्ह सेशन याचसाठी असतं. पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. पण लोक तिथे पाच मिनिटं वॉलपेपर बघतात आणि "इन्स्टॉल" दाबतात. अर्धा तास द्या.

वायफाय जोडा आणि एखादी मोठी फाइल उतरवा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही. आवाज स्पीकरमधून आणि हेडफोनमधून, दोन्ही ऐका. मायक्रोफोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा. उजेडाच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, कॅमेरा, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर. आणि विसरली जाणारी एक गोष्ट: झाकण बंद करून दोन मिनिटं थांबा, मग उघडा. झोपेतून जागं न होणारा लॅपटॉप रोज वापरायला वैताग आणतो, आणि ही खोड इन्स्टॉल केल्यावरच कळते असं अनेकांना वाटतं.

जुन्या ब्रॉडकॉम वायफायला बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला नेट लागतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, लिनक्स त्याला केबलचं नेट समजतं. मग ड्रायव्हर मॅनेजर.

एका डिस्ट्रोत काही चाललं नाही तर तोच अर्धा तास दुसऱ्यावर घालवा. मिंटमध्ये वायफाय नाही आणि फेडोरात आहे, असं झालं तर तुमची निवड झाली.

नवी पाटी

आणि बसवल्यावर लगेच काय करावं? शिवाय ऑफिसच्या फाइल आणि मराठी टायपिंग?

गाठोडं

पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (व्यवस्थेच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवणारं साधन) लावा. मिंटमध्ये ते आधीच असतं. आरसिंक प्रकार निवडा, जागा एक्सटी ४ पार्टिशनवर (एनटीएफएस चालत नाही), रोजचे २ आणि आठवड्याचे २ स्नॅपशॉट ठेवा. पहिला स्नॅपशॉट काही जीबी घेतो, पुढचे फक्त बदलांपुरते. अपडेटनंतर डेस्कटॉप उघडलाच नाही तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून तिथूनच मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळात वगळतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात नसतात, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यायला हवी.

सॉफ्टवेअर आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. नेटवरच्या लेखांतून पीपीए (बाहेरची पॅकेज-भांडारं) जोडण्याचा मोह टाळा. प्रत्येक पीपीए हा पुढच्या मोठ्या अपग्रेडमधला संभाव्य अडथळा असतो. नवी आवृत्ती हवीच असेल तर फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत आणणारं पॅकेज) घ्या, ते बाकीच्या व्यवस्थेला हात लावत नाही. मिंट २२ पासून पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक मुळात लपवलेले असतात, तो पडदा तसाच ठेवा.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये तारका दिसतात, पण काही डिस्ट्रोंत काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. टाइप करून एंटर दाबा. पेस्ट करायला कंट्रोल आणि व्ही पुरत नाही, शिफ्टही लागतं.

अनवट

ऑफिसच्या फाइलचं: लिबरऑफिस वर्डच्या डॉकएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइल उघडतं, पण पानं पुढेमागे सरकतात आणि दोष लिबरऑफिसला जातो. बहुतेक वेळा कारण फॉन्ट असतो. कॅलिब्री नसल्याने वेगळ्या रुंदीचा फॉन्ट लागतो आणि ओळी तुटतात. कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन फॉन्ट बसवा. त्यांच्या अक्षरांची रुंदी अनुक्रमे कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया एवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जागेवर येतात. एक्सेलमधले मोठे मॅक्रो मात्र चालतीलच असं धरून चालू नका.

फोटोशॉप आणि बाकीचं अडोबी लिनक्ससाठी येत नाही. गेमचं स्टीमवर बरंच चालतं, पण व्हॅलोरंटसारखे कर्नलमध्ये शिरणारं अँटी-चीट वापरणारे चालत नाहीत. यांतलं काही रोज लागत असेल तर विंडोज शेजारी ठेवा.

तळटीप

मराठी टायपिंग: आयबस (टायपिंगच्या भाषा बदलणारं साधन) आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवा, एकदा लॉगआउट करून परत या, मग आयबसच्या पसंतींमध्ये मराठी निवडा. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. ग्नोममध्ये हेच सेटिंग्जमधल्या कीबोर्डखाली असतं आणि विंडोजची कळ अधिक स्पेसने भाषा बदलते.

जोडाक्षरं तुटलेली दिसली तर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवा. आणि "वाऱ्यावर" मधला ऱ्य इन्स्क्रिप्टमध्ये कसा काढायचा हे हमखास विचारलं जातं: शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. जे शिफ्टशिवाय दाबलं तर तिथे "वार्यावर" उमटतं.